स्वतःच्याच चित्रावर बोली

लिलावाच्या आदल्या दिवशी माल बघायला मांडतात. तेव्हा लॅकलनला तिकडं न्यायचं नाही, असं सगळ्यांचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे त्याच्या लेकीनं, मोरागनं ठरवलं होतं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या होत्या. पण एल्स्पेथला घरी करमेना. म्हाताऱ्याला एकटं सोडायचं नाही हा त्या घरातला नवा नियम, म्हणून ती नवऱ्याला घेऊनच गेली आणि व्हायचं ते झालं. लॅकलन हॉलमध्ये शिरला, सवयीनं टोपी काढून बगलेत धरली, रांगेतली चित्रं बघत बघत पुढं गेला आणि एका चित्रासमोर जो थांबला तो हलेचना. स्कॉटलंडच्या आयोना बेटाचा किनारा. पांढरी वाळू, ओले खडक, पलीकडं निळ्यावर निळे थर. कोपऱ्यात मार्गारेट स्ट्रॉनची सही.

“एल्स्पेथ,” तो म्हणाला, “हे आपल्याला घ्यायलाच हवं.”

ते चित्र त्यांचा मुलगा ग्रेगर जन्मला त्या वर्षापासून त्यांच्याच जेवणघरात टांगलेलं होतं. गेल्या महिन्यात ते उतरवून इथं पाठवलं, तेव्हा भिंतीवर वॉलपेपरचा एक गडद चौकोन उरला. लॅकलन त्या चौकोनासमोर बसून रोज पॉरिज खात होता आणि त्यानं एकदाही विचारलं नव्हतं की इथलं काय गेलं.

एल्स्पेथ चहा आणायला वळली तेवढ्यात त्यानं खिडकीवर जाऊन नाव नोंदवलं. तिथली मुलगी नवी होती. तिनं हसून त्याच्या हातात बोली लावताना वर धरायची नंबराची पाटी दिली.

हे सगळं कर्स्टीला शनिवारी सकाळी कळलं, लिलावघराच्या चहाच्या खोलीत. कर्स्टी ग्रेगरची बायको, या घरात येऊन तिसरं वर्ष. मांडीवर आठ महिन्यांचा फर्गस होता, आणि तो टेबलावरचा चमचा तोंडात घालायच्या आत ती काढून घेत होती, परत परत. समोर नवरा आणि नणंद हलक्या आवाजात भांडत होते. मधे बेकन रोल गार होत होते. लॅकलन बाहेर हॉलमध्ये पहिल्या रांगेत जागा धरून बसला होता. दारातून त्याची पाठ दिसत होती. कर्स्टीचा एक डोळा त्या पाठीवर आणि एक पोराच्या हातावर.

मोरागचं म्हणणं सरळ होतं. बाबांना आत्ता बाजूला घ्यायचं आणि सांगून टाकायचं. ती स्टर्लिंगला शाळेत मुख्याध्यापिका होती आणि खरं लवकर सांगितलेलं बरं, यावर तिचा विश्वास होता. शिवाय मालकानंच आपल्या मालावर बोली लावली तर त्याला फसवणूक म्हणतात. या गावात सगळे आपल्याला ओळखतात. उद्या लोक म्हणतील, डॅलगार्नोंनी भाव चढवायला म्हाताऱ्याला पुढं बसवलं.

“आणि सांगशील काय?” ग्रेगर म्हणाला. “बाबा, ते तुमचंच आहे, तुमच्या डोक्याचं काही खरं राहिलं नाही म्हणून आम्ही ते विकतोय?”

“असं कोण सांगतं?”

“तू. तुला गोड बोलता आलंय कधी?”

“मग तू सांग गोड. नाहीतर मागच्या वेळेसारखा गाडीत जाऊन बस.”

ग्रेगरनं गार रोल बाजूला सारला. मागच्या वेळी, म्हणजे डॉक्टरांनी निदान सांगितलं त्या दिवशी, तो खरंच गाडीत जाऊन बसला होता.

कर्स्टीनं फर्गसची हनुवटी पुसली. त्या दोघांच्या भांडणात तिला बोलायचं नव्हतं, कारण भांडणाचं मूळ तिच्याशी येऊन थांबत होतं. ऑक्टोबरात एका दुपारी ती पोराला आजीआजोबांकडं ठेवून दातांच्या डॉक्टरकडं गेली. एल्स्पेथ मागं बागेत होती. कर्स्टी परत आली तर घरभर गॅसचा वास, शेगडीचं बटण उघडं, आणि लॅकलन शेजारच्या खोलीत नातवाला मांडीवर घेऊन खिडकीतून कावळे दाखवत बसलेला. कुणाला काही झालं नाही. पण त्या दिवसापासून तिनं पोराला त्याच्याजवळ एकटं सोडलं नाही, आणि ग्रेगरला स्पष्ट सांगितलं की त्या घरात दिवसभर कुणीतरी माणूस ठेवा, नाहीतर मी फर्गसला तिकडं आणणार नाही. माणूस ठेवायचा म्हणजे पैसे आले. पैसे म्हणजे भिंतीवरचं काहीतरी उतरणं आलं.

तेव्हा दोन भिंतींचा प्रश्न निघाला होता. एका भिंतीवर लॅकलनची चित्रं, दुसऱ्या भिंतीवर आणि कपाटात एल्स्पेथची फायन्सची भांडी. मातीची, पांढऱ्या झिलईची, फ्रान्सची, रुआँ आणि नव्हेरच्या जुन्या भट्ट्यांतली. चाळीस वर्षं दोघं याच हॉलमध्ये शेजारी बसत आले होते. त्यांचा एक रिवाज होता. एकाची बोली चालू असली की दुसऱ्यानं हात मांडीवर ठेवायचे आणि अवाक्षर काढायचं नाही. मग वस्तू सुटो वा हातात येवो, गाडीत बसेपर्यंत त्यावर टीका करायची नाही. गाडीत बसल्यावर मात्र घरी जायचा पर्थचा रस्ता संपेपर्यंत करायची. कर्स्टीनं मागच्या सीटवर बसून ती टीका ऐकली होती. दोन माणसं इतकी वर्षं एकमेकांच्या आवडीला नावं ठेवत सुखानं राहू शकतात, याचं तिला लग्नाआधी फार अप्रूप वाटायचं.

जानेवारीत लॅकलनचं डोकं एका सकाळी अगदी लख्ख होतं. मुलांना बोलावून त्यानं सांगितलं, चित्रं विका, स्ट्रॉनपासून सुरू करा, तिला चांगली किंमत येईल. एल्स्पेथच्या भांड्यांना हात लावायचा नाही. मग कागदावर सही केली आणि बागेत फिरायला गेला. संध्याकाळी त्याला त्यातलं काही आठवत नव्हतं.

“मी ते मागं घेणार आहे,” एल्स्पेथ म्हणाली.

ती टेबलाच्या कडेला बसली होती. कोट अंगात तसाच, हातमोजे घट्ट धरलेले. मोरागनं डोळे मिटून घेतले.

“आई, छापील यादीत आलंय ते. लोक बोली लावायला फोनवर थांबलेत.”

“हातोडा पडेपर्यंत मालकाला मागं घेता येतं. दंड भरायचा. मी लिलाववाल्या टॉरन्सला विचारलंय.”

“पण मग घरात माणूस कुठून ठेवायचा?”

“बघेन मी.”

“काय बघशील?” ग्रेगरनं विचारलं, आणि कर्स्टीला नवल वाटलं, कारण तो बहिणीच्या बाजूनं बोलत होता. “आई, तू रात्रीची झोपतसुद्धा नाहीस. दर वेळी बाबा उठले की तू उठतेस. हे असं किती दिवस चालणार?”

“त्याला ते चित्र हवंय, ग्रेगर. काल घरी येईपर्यंत तो त्या पाण्याबद्दल बोलत होता. लग्नाआधी बोलायचा तसा. आपल्याला परवडेल का, म्हणून मला विचारत होता. मी काय सांगू त्याला?”

शेवटी मोरागनं तोड काढली. कर्स्टीनं बाबांच्या शेजारी बसायचं, कारण बाळ जवळ असलं की ते शांत असतात. चित्र आलं की बाबांचा हात खाली धरून ठेवायचा, बाळ त्यांच्याकडं द्यायचं, काहीही करायचं, पण पाटी वर जाऊ द्यायची नाही. चित्र मागं घ्यायचं की नाही ते आईनं ठरवावं, पण तमाशा नको. हो म्हण, कर्स्टी. कर्स्टी हो म्हणाली. नाही म्हणायला तिला जागाच नव्हती.

हॉलच्या दारात टॉरन्स उभा होता, लिलाव पुकारणारा. उंच, वाकलेला, पट्ट्यापट्ट्यांच्या तपकिरी कोटातला. तरुणपणापासून तो लॅकलनला त्या रांगेत बघत आला होता. एल्स्पेथनं जाता जाता त्याच्या कानावर पाटीचं प्रकरण घातलं आणि त्या मुलीला बोल लावू नका म्हणाली. टॉरन्सनं थोडा विचार केला.

“त्यानं हात वर केला म्हणून ती बोली होत नाही, मिसेस डॅलगार्नो. मी घेतली तर ती बोली. आणि मी ती घेऊ शकत नाही, हे मला माहीत आहे. त्याला बसू द्या.”

मग कर्स्टी पहिल्या रांगेत जाऊन बसली. एल्स्पेथ मधल्या वाटेच्या पलीकडं, मोराग आणि ग्रेगर मागं. लॅकलननं फर्गसकडं बघून भुवया नाचवल्या, फर्गस खुदकन हसला.

“दे इकडं जरा, पोरी. तुझे हात भरून आले असतील.”

तिनं क्षणभर वेळ लावला. मग दिला. पण बाळाचं एक पाऊल मात्र आपल्या मुठीत धरून ठेवलं. लॅकलनच्या ते लक्षात आलं असावं. त्यानं फक्त बाळाला थोडं तिच्या बाजूला सरकवून घेतलं, तिला धरायला सोपं जावं असं. कर्स्टीला लाज वाटली आणि तरी तिनं ते पाऊल सोडलं नाही.

आधी भांडी होती. सुरया, औषधांच्या बरण्या, कोंबडा काढलेल्या बशा. माल भराभर जात होता, बराचसा पडत्या भावानं. मग एप्रन बांधलेल्या माणसानं एक मोठी थाळी वर धरली. काठाला निळी-तांबडी वेलबुट्टी, मधे फुलांची परडी. रुआँ, अठराव्या शतकातली, टॉरन्सनं वाचलं, जुनी दुरुस्ती. त्या माणसानं थाळी उलटी करून दाखवली. मागं एक लांब तडा, आणि तो लोखंडी टाक्यांनी शिवलेला.

मागच्या खुर्चीत मोरागनं श्वास आत घेतला. “आई,” ती कुजबुजली. पलीकडं एल्स्पेथ ताठ समोर बघत होती. बुधवारी गाडीत एक खोका बघून कर्स्टीनं तिला विचारलं होतं, तेव्हा जुने कपडे दान द्यायचेत असं ती म्हणाली होती. आता कर्स्टीच्या डोक्यात प्रकाश पडला. सासूबाईंनी गुपचूप, यादी छापून झाल्यावर, आपली भांडी लिलावात घातली होती. त्याच पैशांच्या भरवशावर चित्र मागं घ्यायचं त्यांनी कालच्या आधीपासूनच योजलं होतं.

टॉरन्सनं सुरुवातीचा आकडा सांगितला. कुणी घेईना. त्यानं आकडा खाली आणला.

“माफ करा हं, टॉरन्स,” लॅकलन म्हणाला.

आवाज मोठा नव्हता, पण हॉल शांत होता. तो उठून उभा राहिला होता, एका हातात नातू, दुसऱ्या हातात पाटी. कर्स्टीही बाळाच्या पावलासकट अर्धवट उठली.

“काहीतरी घोटाळा झालाय. ही माझ्या बायकोची थाळी आहे. ते टाके मी ओळखतो. आम्ही लग्नानंतर फ्रान्सला गेलो होतो तेव्हाची आहे. तडा होता म्हणून आम्हाला परवडली. ही आमच्या भिंतीवर असते.”

मागं कुणीतरी खोकलं. टॉरन्सनं हातोडा खाली ठेवला आणि एल्स्पेथकडं बघितलं. एल्स्पेथ उठली, मधली वाट ओलांडून नवऱ्यापाशी आली.

“घोटाळा नाही, लॅकलन. मीच दिलीय विकायला.”

“तू? का?”

“जरा नड आहे म्हणून.”

लॅकलन तिच्याकडं बघत राहिला. इतके दिवस त्याच्या चेहऱ्यावर असायचा तो सौम्य, पाहुण्यासारखा भाव गेला होता. तो रागावला होता, आणि रागावलेला लॅकलन कर्स्टीनं कितीतरी महिन्यांत पाहिला नव्हता.

“नड आहे तर माझी चित्रं विक. भिंत भरून आहेत. तुझ्या भांड्यांना हात लावायचा नाही. हे मी तुला आधीही सांगितलं असेल बघ. मला आठवत नसेल, पण सांगितलं असणार.”

“सांगितलं होतंस,” एल्स्पेथ म्हणाली.

“मग ऐकलं का नाहीस?”

“चुकलं माझं.”

“कुठलंही विक. मी विचारणारसुद्धा नाही. ती थाळी घरी ने.”

एल्स्पेथनं होकारार्थी मान हलवली. टॉरन्सनं घसा साफ केला आणि अगदी नेहमीच्या, कोरड्या आवाजात सांगितलं की ही थाळी मागं घेतली आहे, त्यानंतरचे दोन नगही. एप्रनवाल्यानं थाळी कापडात गुंडाळली आणि एल्स्पेथच्या हातात दिली. तिनं ती छातीशी धरली आणि आपल्या जागी जाऊन बसली. लॅकलनही बसला. पाचेक मिनिटांत त्याचा राग उतरला आणि तो फर्गसला समोरचं झुंबर दाखवू लागला.

मग चित्रं सुरू झाली. डोंगर, गुरं, बंदरं. आणि दोघा एप्रनवाल्यांनी मिळून आयोनाचा किनारा आणून समोर ठेवला.

“हे बघ, पोरी,” लॅकलन हळूच म्हणाला. “हेच ते. बाळ घे तुझं. मला हात मोकळे पाहिजेत.”

तिनं फर्गसला घेतलं. टॉरन्सनं चित्राचं नाव वाचलं, आणि पुढचं बोलण्याआधी चष्म्यावरून एल्स्पेथकडं बघितलं. सरळ प्रश्न होता. सगळ्या हॉलला तो कळला नसेल, पण चार माणसांना कळला. एल्स्पेथनं गुंडाळलेल्या थाळीवर हनुवटी टेकली होती. तिनं आधी नवऱ्याकडं पाहिलं. मग टॉरन्सकडं बघून एकदाच मान खाली घातली. चालू द्या.

आकडा निघाला आणि लॅकलननं पाटी वर केली.

“हात धर,” मागून मोराग पुटपुटली. “कर्स्टी, हात धर त्यांचा.”

कर्स्टीनं बाही धरली. जाड, लोकरीची, कोपरावर रफू केलेली बाही. आतला हात ताठ होता, थरथर नव्हती त्याला. तो माणूस पुढं वाकला होता, डोळे बारीक केलेले, ओठ किंचित उघडे. त्याच्या चेहऱ्यावर आत्ता विसरलेलं असं काहीच नव्हतं. नव्यानं काहीतरी आवडलेला माणूस होता तो, बस. हा हात खाली ओढला तर त्याला कारण सांगावं लागेल. आणि ते कारण ऐकल्यावर तो परत असा बसणार नाही.

तिनं बाही सोडली. मोरागनं मागून तिच्या खांद्याला बोट लावलं. कर्स्टी मागं वळली नाही. ग्रेगर बहिणीला काहीतरी म्हणाला, आणि खांद्यावरचं बोट गेलं.

टॉरन्स पुकारत होता. भिंतीलगत गिऱ्हाइकांचे फोन धरून उभ्या मुलींपैकी दोघी मान हलवत होत्या, आणि मागं एडिंबरोचा एक व्यापारी पेन वर करत होता. दर वेळी लॅकलनची पाटी वर जायची, दर वेळी टॉरन्स त्याच्याकडं बघून डोळ्यांनी मान द्यायचा, आणि दर वेळी आकडा पुढं सरकायचा, फोनमुळं नाहीतर पेनमुळं. लॅकलनच्या लेखी तो सरकत होता त्याच्यामुळं. व्यापाऱ्यानं पेन खिशात घातलं. दोन फोन उरले. लॅकलन आणखी दोनदा झुंजला. मग त्यानं पाटी उलटी करून गुडघ्यावर ठेवली.

“बस,” तो म्हणाला. “घरून निघताना ठरवलं होतं तिथवर आलो. त्यापुढं जायचं नसतं, पोरी. त्यापुढं गेलं की घरी कुरबुर होते.”

हातोडा पडला. भिंतीकडच्या शेवटच्या मुलीनं फोनमध्ये अभिनंदन म्हटलं.

कर्स्टीनं त्याच्या तोंडाकडं बघायचं धाडस केलं. वाईट वाटलं होतं त्याला, हे दिसत होतं. पण ते खेळ हरलेल्याचं वाईट वाटणं होतं, आणि खालून थोडा आनंदही होता. तो उठला, टोपी डोक्यावर घातली. या हॉलमध्ये त्याची रीत होती, हरला की जिंकणाऱ्यापाशी जाऊन टोपी काढायची. आज जिंकणारा समोर नव्हता. म्हणून तो थेट त्या फोनवाल्या मुलीपाशी गेला आणि तिच्यापुढं टोपी काढली. कर्स्टी बाळाला घेऊन मागोमाग गेली, एल्स्पेथ थाळी घेऊन आली, आणि दारापाशी जायचं म्हणून उठलेले मोराग आणि ग्रेगरही तिथंच थबकले.

“ते अजून फोनवर आहेत का?” लॅकलननं विचारलं. “मग त्यांना एक सांगा. खिडकीसमोर लावू नका म्हणावं. उजेड डावीकडून यायला हवा, नाहीतर तो सगळ्यात मागचा निळा दिसत नाही. दुपारनंतर तर अजिबात नाही. लोकांना वाटतं तिथं आभाळच आहे. तिथं पाणी आहे.”

मुलगी त्याच्याकडं बघतच राहिली. इथं हॉलमध्ये ते चित्र सगळ्यांनी दिव्याच्या उजेडातच पाहिलं होतं. तुम्हाला हे कसं माहीत, असं तिनं विचारलं.

लॅकलन थांबला. उत्तर जिभेवर असल्यासारखा थांबला. मोरागनं भावाचा हात धरला.

“दुपारनंतर नाही,” एल्स्पेथ मधेच म्हणाली. “सकाळी. सकाळीच तो निळा दिसत नाही. मी किती वेळा सांगायचं?”

त्या घरातला हा वाद जुना होता. कर्स्टीनं तो जेवणाच्या टेबलावर मीठ मागावं इतक्या सहज चालू होताना पाहिला होता, आणि दोघांपैकी कुणीही कधी माघार घेतलेली पाहिली नव्हती.

“दुपारनंतर,” लॅकलन म्हणाला. उत्तर शोधायचं तो विसरून गेला होता. “तू कधी नीट बघतच नाहीस. तुझं लक्ष सगळं बशांवर.”

एल्स्पेथनं उलटून बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मग ती त्या मुलीकडं वळली.

“दुपारनंतर, असं सांग त्यांना,” ती म्हणाली. “बरोबर आहे त्याचं.”